धाकटीच्या पोकळ नळ्या

मटार अर्धे सोलून तसेच पडले होते. शेंगा परातीत, दाणे वाडग्यात, आणि धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गुडघे टेकून एका फुटक्या शेंगेवर कॅमेरा रोखून बसलेली.

"अहो वन्सं, आज जेवायचंय की प्रदर्शन भरवायचंय?" वहिनीने विचारलं.

"झालंच वहिनी. उजेड गेला की बोंब."

चाळिशी उलटली तरी घरात ती धाकटीच. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि सुट्टीच्या दिवशी हा नाद. कॅमेरा आणि भिंग यांच्या मध्ये ती गोल नळ्या बसवायची. त्यामुळे भिंग पुढे सरकायचं आणि वस्तूच्या अगदी नाकाशी जाऊन फोटो काढता यायचा. मिठाचा खडा डोंगराएवढा दिसायचा. "आत काचसुद्धा नाही? पोकळीचा एवढा थाट!" असं म्हणून दादा तिला चिडवायचा. तेव्हा घरात चिडवाचिडवी होती.

आता आई माणसं विसरली होती. आधी शेजारीपाजारी, मग सून, मग दादा, आणि शेवटी जिला अंगाखांद्यावर खेळवलं ती धाकटी. बोलणंही आटलं, 'हं'च्या पुढे गाडी जाईना. तिला एकटं ठेवायची सोय नव्हती आणि दिवसा तिघंही कामावर. दादाने वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली. रविवारी न्यायचं ठरलं.

"दादा, ती आत आहे रे कुठेतरी," धाकटी काकुळतीला आली.

"मग तू हाक मार. माझा घसा बसला." तरी तो म्हणाला, "एक वस्तू ओळखू दे तिला. एकच. मी बिनपगारी रजा टाकून घरी बसतो."

खऱ्या वस्तू दाखवून झाल्याच होत्या. आई त्या बाजूला सारायची. पण धाकटीने एक हेरलं होतं. एकटी असली की आई प्रत्येक वस्तू डोळ्यांशी नेऊन बघायची, स्वेटरचं बटण तर पार नाकाला टेकवायची. आईचं जग एवढ्यावर आलंय, तर आपणही तेवढंच जवळ जावं, असं तिने मनाशी घेतलं. बटण, फणीचे दात, झिजलेली साबणवडी, मटार, सगळ्याचे फोटो काढले. नळ्या लावल्या की भिंग फिरवून भागत नाही, आपणच पुढेमागे झुलायचं. केसभर चुकलं की सगळं धूसर. ती झुलत होती आणि ओठांत एकच धावा चालू होता: देवा, एक शब्द. मोठा नको. 'बटण' चालेल.

शनिवारी तिने मोठे छापलेले फोटो आईपुढे मांडले. "आई, हे काय गं?"

आई नुसती बघत राहिली. दादाने एक फोटो उचलून उलटासुलटा केला.

"विहीर आहे का ही?"

"बटण आहे, दादा."

"आणि हे कुंपण?"

"फणी."

"अगं, मला धडधाकटाला ओळखू येईना, तिला काय डोंबल कळणार?"

हे धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रत्येक फोटो काढताना समोर काय आहे हे तिला आधीच ठाऊक होतं.

तेवढ्यात आई वाकली. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, त्याच जागी, एक काळा ठिपका होता. नळ्या काढताघालताना कॅमेऱ्यात कण शिरला होता. आईने बाही ओढली आणि ठिपका घासला. जाईना. दुसऱ्या फोटोवरचा घासला. कपाळाला आठी पडली.

"धूळ," आई म्हणाली. अगदी स्वच्छ.

"ऐकलंस? दादा, ऐकलंस ना?" धाकटीने त्याचं मनगट आवळलं. दादा अर्धा उठलाच. "ऐकलं गं. ठरलं म्हणजे ठरलं. सोमवारी रजा टाकतो."

आईने धाकटीकडे पाहिलं. अगदी जवळ येऊन, निरखून. "बाई, पुसताना कोपरे का सोडता? माझी धाकटी यायची आहे. तिला धुळीने शिंका येतात." आणि लगबगीने उठली. "तिच्यासाठी दूध तापवते."

दादाने तोंड फिरवलं, वहिनीने डोळे पुसले, धाकटी फोटोंकडे बघत राहिली. मग वास आला. वहिनी धावली. आई शेगडीशी उभी होती, गॅस भसाभस सुटलेला, आणि हातात रिकामं भांडं.

धाकटीने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"तिघं घरात असताना हे झालं," ती म्हणाली. "तू एकटा काय करशील, दादा? तुझ्या शब्दातून तुला मोकळं केलं. उद्या नेऊ."

"नक्की?"

आश्रमात प्रत्येक कपड्यावर नाव शिवलेलं लागायचं. धाकटीने आईचे गाऊन आणि स्वेटर पिशवीत भरले आणि नावाच्या पट्ट्या शिवून घ्यायला ती शिंप्याकडे निघाली.