वळणात रुसणारी गाडी

माझे यजमान एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं होते. समोर आलेला सुटा भाग मोजायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर त्याला लाल रंग लावून बाजूला ठेवायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर मोजायला घेतलं. दाराची चौकट तिरकी आहे, पंखा मधोमध नाही, कपाट भिंतीपासून सारखं लांब नाही. महिनाभर मी ऐकून घेतलं आणि मग त्यांना स्पष्ट सांगितलं, की काहीतरी उद्योग शोधा, नाहीतर मी माहेरी नागपूरला जाते.

त्यांनी उद्योग शोधला तो रिमोटच्या गाड्यांचा. खेळण्यातली नव्हे. हातभर लांबीची, विजेवर चालणारी, सुट्या भागांतून स्वतः जोडायची शर्यतीची गाडी. ती जोडण्यात दोन महिने गेले. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात सपाट जागा कुठली, तर स्वयंपाकाचा ओटा. तो त्यांनी लेव्हल लावून पाहिला, पसंत केला, आणि दुपारी माझी आवराआवर झाली की तिथे गाडी यायची. चाक किती कललंय, गाडी जमिनीपासून किती उंच आहे, कुठली स्प्रिंग, कुठलं तेल, सगळं वहीत सुवाच्य अक्षरात. इतकी निगुतीनं बांधलेली गाडी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, असं पुढे सगळेच म्हणाले.

लोणी काळभोरजवळ एक मंगल कार्यालय आहे. लग्नाची तारीख नसली की ही हौशी मंडळी रविवारी तिथला हॉल घेतात, राखाडी गालिचा अंथरतात आणि त्यावर प्लास्टिकच्या नळ्या लावून वळणावळणाचा रस्ता आखतात. एका बाजूला लाकडी मचाण. चालवणारे त्यावर ओळीनं उभे राहतात. मी थर्मास आणि विणकाम घेऊन खुर्चीत बसायची.

आणि ह्यांना गाडी चालवता येत नव्हती. ते एकदा सांगून टाकलेलं बरं. गाडी लांब जात असते तोवर उजवं ते उजवं असतं. ती आपल्याकडे वळली की सगळं उलटं होतं, आणि नेमकं तिथेच हे नळीवर आदळायचे. आठवडाभर ओट्यावर केलेलं काम पाच मिनिटांत मोडायचं. घरी येताना ते वहीतल्या आकड्यांना दोष द्यायचे.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा बरा झाला, पण नवा चष्मा मिळायचा होता आणि हॉलच्या पलीकडच्या टोकाचं नीट दिसत नव्हतं. शर्यतीत नाव मात्र आधीच दिलेलं. सकाळी सरावाच्या वेळी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, फक्त हळू फिरवून आण, मोटरचा आवाज ऐकायचाय.

रिमोट पिस्तुलासारखा असतो. डाव्या हाताच्या बोटानं घोडा दाबला की गाडी पळते, उजव्या हातानं बाजूचं स्पंजाचं चाक फिरवलं की वळते. मी सरकारी कचेरीत टंकलेखक होते. उभी हयात नजर कागदावर आणि बोटं खाली आपली आपण. उजव्या-डाव्याचं म्हणाल तर मी सरळ मनानं त्या गाडीत जाऊन बसले. आत बसल्यावर उजवं ते उजवंच असतं. एक फेरी झाली, दुसरी झाली, पाचव्या फेरीला मी घोडा जरा जास्त दाबला. कुठेही न आदळता मी परत आले तेव्हा मचाणावर बाजूला उभा असलेला मनुष्य ह्यांना विचारत होता, की काकू आधी कुठे चालवायच्या.

त्या दिवशीच्या शर्यतीतही ह्यांनी मलाच उभं केलं. घरी आल्यावर चहा घेतला आणि म्हणाले, "इथून पुढे तू चालव. मी बांधतो."

त्यानंतर खरी पंचाईत सुरू झाली. त्यांना आकडे हवे असायचे आणि माझ्याकडे आकडे नव्हते. मी म्हणायची, गाडी वळणात रुसते. म्हणजे काय? रुसते म्हणजे चाक फिरवलं तरी तोंड वळवत नाही. पुण्यात इतकी वर्षं काढली, तरी घाईत माझ्या तोंडी नागपूरचंच येतं. एकदा मचाणावरूनच मी ओरडले, "अहो, मागून घसरून राहिली!" सगळा हॉल हसला. ह्यांनी मात्र वही काढली, एका बाजूला माझा शब्द लिहिला आणि समोर त्याचा इलाज. रुसते, तर पुढची स्प्रिंग मऊ. घसरून राहिली, तर मागची चाकं थोडी आत वळवायची. अशी चार पानं भरली.

उन्हाळ्यातली, हंगामातली शेवटची शर्यत. सकाळच्या पाच-पाच मिनिटांच्या पाळ्या मला छान गेल्या. दुपारी मात्र गाडी उलटायला लागली. एकाच पाळीत तीनदा, तेही सपाट गालिच्यावर. वेळ आणि फेऱ्या मोजायला सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक बसतात. त्यांनी माइकवरून सांगितलं, "काकू, गाडी चार चाकांवर चालवायची पद्धत आहे."

आपली पाळी झाली की पुढच्यांच्या पाळीत कोपऱ्यात उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या, असा तिथला नियम आहे. मी उभी राहिले. माझ्यासमोर एकामागून एक पाच गाड्या तशाच कोलमडल्या. वाकून सरळ करताना लक्षात आलं, की गाड्या जिथून वळतात तिथे दिवसभरात टायरचं रबर लागून गालिचा काळा पडलाय, आणि माझ्या चपलाही त्याला चिकटतायत.

मी येऊन ह्यांना सांगितलं, की गाडी नाही, जमीन बदललीय. टायर धरून ठेवतो आणि अंग पलटतं. ह्यांनी वही पाहिली. सगळी मापं सकाळचीच होती, बरोबर होती. ह्यावर उपाय एकच, पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला झटपट चिकटणारा गोंद लावायचा, म्हणजे कड कडक होते आणि थोडी सरकते. इतर लोक तसं करायचे. ह्यांना ते पटत नसे. चांगल्या टायरला गोंद फासणं म्हणजे त्यांच्या लेखी अडाणीपणा.

त्यांनी वही मिटली. मग बाजूच्या टेबलावरून गोंद मागून आणला आणि नव्या चष्म्यातून, अगदी बारीक रेघ ओढावी तसा, दोन्ही टायरना लावला.

अंतिम फेरीत सात गाड्या होत्या, मी सहावी. पहिल्याच वळणावर पुढचे तिघे एकमेकांत अडकले आणि मी आतून निघून गेले. गाडी उलटली नाही. रुसलीही नाही. मी तिसरी होते, तेवढ्यात मागच्यानं धडक दिली आणि मी आडवी झाले. तो पुढे जाऊ शकला असता. पण धडक आपली असेल तर थांबायचं, हा तिथला अलिखित रिवाज, आणि तो थांबला. मी पुढे गेल्यावरच त्यानं घोडा दाबला. शेवटपर्यंत तो माझ्या मागोमाग आणि मी तिसरी. शेवटच्या दोन फेऱ्या मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

शिक्षकांनी निकाल वाचला, माझ्या नावापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सुधारणा आहे." त्यांच्याकडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

परतताना सोलापूर रस्त्याला गर्दी होती. गाडी, म्हणजे खरी गाडी, हे चालवत होते. कित्येक महिने मनात होतं ते मी विचारून टाकलं. छंद तुमचा, आणि मी येऊन बसले त्यात. वाईट नाही वाटत?

"वाटलं. दोन दिवस वाटलं," ते म्हणाले. मग सिग्नलला थांबल्यावर सावकाश बोलले. "तीस वर्षं पार्ट मोजून पुढे पाठवले. ते कुठे लागले, कसे चालले, कोणी कधी परत येऊन सांगितलं नाही. तू पाच मिनिटांत येऊन सांगतेस."

सिग्नल सुटला. हडपसरला आम्ही उसाचा रस प्यायलो, आणि तिथे उभ्या उभ्याच त्यांनी मला विचारलं, की त्या लांबच्या डाव्या वळणावर मी घोडा नेमका कधी सोडते. मी गुऱ्हाळाच्या टेबलावर बोटानं रस्ता काढून दाखवायला लागले.