वाणाशिवायचं हळदीकुंकू

आमच्या मतदारसंघातून लोकसभेसाठी चक्क एका बाईला तिकीट मिळालं, हे कळलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या पिटत होते. नवरा म्हणाला, "तुलाच मिळाल्यासारखी नाचतेस काय?" म्हटलं, मलाच मिळालंय असं समज!

मी जोगेश्वरीतल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. रस्त्यापलीकडे चाळ, आणि तिथल्या मंडळाच्या सर्वेसर्वा म्हणजे मालवणकडच्या काकी. आमच्या दोन मंडळांचं कधी पटलं नाही. त्यांना आम्ही शिष्ट वाटायचो, आम्हाला त्या भांडखोर. दोन्हीकडचं म्हणणं तसं बरोबरच होतं. पण त्या संध्याकाळी काकी स्वतः जिने चढून माझ्याकडे आल्या.

"गो, ह्या बाईसाठी आपण एक होऊया," त्या धापा टाकत म्हणाल्या. "जल्मभर पुरुषांक ओवाळलंय. निवडान इले की वळख देणत नाय."

ठरलं. चैत्रातलं हळदीकुंकू यंदा दोन्ही मंडळांचं एकत्र, चाळीच्या पटांगणात, आणि ताईंना, म्हणजे आमच्या उमेदवाराला, आग्रहाचं बोलावणं. काकींच्या अंगात वारं शिरलं होतं. त्यांना धास्ती एकच होती. ताई न थांबता पुढे गेल्या, तर चाळीतली एकही बाई मतदानाला हलणार नाही. "म्हणतली, ही पण तसलीच," काकी पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

त्या दिवशी पटांगण नुसतं फुललं होतं. ठेवणीतल्या साड्या, गजरे, आंबेडाळीचा वास. आमच्या बायका आणि त्यांच्या बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या. मला तर हुरूपाने काय करू नि काय नको असं झालं होतं. तेवढ्यात ताईंच्या कार्यकर्तीचा फोन आला. "निघालोय. तिथे काही वाटत नाही आहात ना?"

मी टेबलाकडे पाहिलं. वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची रास! आचारसंहिता लागलेली, आणि उत्साहाच्या भरात आम्हा दोन अध्यक्षांपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. उमेदवारासमोर बायकांच्या हातात वाटी पडली की ते वाण राहत नाही, आमिष होतं. शिवाय निवडणूक आयोगाचं पथक कॅमेरा घेऊन ताईंच्या गाडीमागेच होतं. मी फोनवर वाट्यांचं सांगून टाकलं. "मग ताई उतरणार नाहीत," ती मुलगी म्हणाली. "डाळ-पन्हंसुद्धा नको."

वाट लागली! मी काकींना सांगितलं.

"हळदीकुंकवाक इलेल्या बायकांका कायच देव नको? ह्या खयचा शास्त्र?" काकी वाट्यांवर पदर धरून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

ओटीसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांचं पातेलं समोर होतं. काकी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उमेदवारान मतदारांका देव नये. आणि मतदारांनी उमेदवाराक?"

मी लगेच फोन लावला. त्या मुलीने त्यांच्या वकिलाला विचारलं आणि हसत सांगितलं, "मूठ मूठ हरभरे? खुशाल द्या!"

मग काय, धावपळ! वाट्या, डाळ, पन्हं सगळं काकींच्या खोलीत गेलं, वर कुलूप. गाडी आली, थांबली, ताई उतरल्या. चाळ आणि सोसायटी एकाच रांगेत, आणि प्रत्येकीने ताईंची ओटी भरली. पदर जड होऊन हरभरे खाली सांडायला लागले. पथकातले साहेब पातेल्यात डोकावून म्हणाले, "काय वाटताय?"

"वाटत नाही हो, भरतोय!" मी ओरडलेच. अख्खं पटांगण हसलं.

शेवटी काकींनी नारळ घातला आणि ताईंचा हात धरून ठेवला. "पुरुषांक ओवाळला, तो नुसतो मान झालो. तुझी वटी भरलंव, म्हणजे तू आमचा चेडू. लेकीच्या घराक जाताना आमी कोणाच्या वळखीची चिठ्ठी आणूचंव नाय."

ताईंचे डोळे भरून आले. "चिठ्ठी मागितली तर माझा कान धरा, काकी."

"धरतलंय," काकी म्हणाल्या आणि कॅमेरावाल्याकडे वळल्या. "ह्या मात्र नीट घे रे बाबा."