जेलच्या पिक्चरातलं रडणं

कल्ट म्हणजे काय, हे मला या वयात कॉलेजच्या पोरांनी शिकवलं. "मावशी, पिक्चर इतका वाईट हाय की बघायला लई भारी वाटतंय," पोरं म्हणाली. घ्या! तरुणपणी आम्ही बायकांच्या तुरुंगाचे ते स्वस्तातले पिक्चर केले, तेव्हा गल्लीत तोंड दाखवायची चोरी होती. आता त्यातल्याच एकाचा खेळ लावून आम्हाला पाहुण्या म्हणून बोलावणं. मी नकोच म्हणत होते. विटले मी त्या सगळ्याला.

मैत्रीण मात्र हटून बसली. त्या पिक्चरात मी जेलर, ती कैदी. "माझ्या पोरीनं मला पडद्यावर कधी बघितलं न्हाय. एकदा बघू दे की," म्हणाली. पोरगी आता स्वतः लेकुरवाळी आहे.

"अगं बये, तो सीन हाय त्यात," मी म्हटलं.

"असू दे. तिला कुठं काय म्हाईत हाय? तू तेवढं बोलू नगोस."

आमचा तुरुंग म्हणजे इचलकरंजीतली यंत्रमागांची शेड. माग बंद असायचे त्या सुट्टीच्या दिवशीच ती मिळायची. म्हणून सगळं एका दिवसात उरकायचं, आणि उरकेपर्यंत कुणाला सोडायचं नाही. गज लाकडाचे, वर काळा रंग. जोरात धरले की हलायचे. सुताचा भुगा नाकात जाऊन कैदिणी शिंकायच्या. साड्या फाडायच्या, अंगावर पाणी मारायचं, मी दांडकं आपटायचं. पिक्चर चालायचा तो यावरच.

त्या सीनच्या दिवशी मैत्रिणीची तान्ही लेक शेजारणीकडे होती. दुपारची संध्याकाळ झाली. हिची छाती भरून आली, ब्लाउज भिजला. जाऊ द्या म्हणाली, कुणी सोडेना. शेवटी गज धरून ओरडली, "मला घरी सोडा, माझं बाळ भुकेलंय!" दिग्दर्शकानं मुकाट कॅमेरा चालू ठेवला. वर मेल्यानं टाळ्या वाजवल्या.

परवा खेळाला गेलो, तर हॉल गच्च भरलेला. माझ्या दांडक्याला शिट्ट्या पडल्या. गज हलले तसा हशा उसळला. खरं सांगते, मलाही हसू आलं. किती भिकार काम ते! मग तो सीन आला. पोरांना डायलॉग पाठ. अख्खा हॉल एका सुरात ओरडला, "मला घरी सोडा!" आणि खो खो हसला. पोरं वाईट नव्हती, त्यांना काय ठाऊक? पण माझं अंग पेटलं. उठून चार शिव्या हासडणार, तेवढ्यात मैत्रिणीनं माझा हात घट्ट दाबून धरला.

पलीकडे तिची लेकही हसत होती. हसता हसता थांबली. पडद्यावरच्या आईच्या ओल्या ब्लाउजकडे बघतच राहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "तवा मी केवढी हुते गं?"

"तू? तू झालीच न्हवतीस तवा," मैत्रीण म्हणाली, आणि हॉलबरोबर मोठ्यानं हसली.