जाळं पाण्यात असताना

फोन आला तेव्हा मी इस्पितळातून आंघोळीला म्हणून घरी आलो होतो. सुनंदा गेली, असं मेहुण्याने सांगितलं आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून तसाच पडवीत बसून राहिलो. धावपळ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याला आता दीडेक महिना झाला... अजून उठून काही करावंसं वाटत नाही. कलमांना खत घालायचं राहिलंय. राहू दे.

सुनंदा, माझी बायको, माणसाच्या दमण्याचा अभ्यास करायची. इथल्या कॉलेजात शिकवता शिकवता तिने उशिरा पीएच.डी.ला नाव घातलं होतं. धडधाकट माणसाला ट्रेडमिलवर पळवायचं, तोंडावर मास्क बसवून त्याचा श्वास मोजायचा, हा तिचा उद्योग. ‘लोकांना दमवून पगार घेणारी बाई तूच,’ असं मी चिडवायचो. पहिला बकरा अर्थात मी. पण खोलीतल्या त्या पळण्यात तिचं मन रमेना. खरे कष्ट बघायला ती भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊ लागली, रापण ओढणाऱ्यांकडे. समुद्रात लांबवर टाकलेलं ते जाळं दोन्ही टोकांना माणसं लागून किनाऱ्यावर ओढून आणतात.

त्यांच्या छातीला ती ठोके मोजणारा पट्टा बांधायची आणि ओढता ओढताच विचारायची, कितपत दमलात? काळीज धडधडत असायचं आणि माणूस म्हणायचा, ‘काय नाय.’ झाडून सगळे. सवयीमुळे यांना कष्ट जाणवतच नाहीत, असा निष्कर्ष काढून तिने शोधनिबंध लिहिला आणि पाठवण्याआधी मोठ्या कौतुकाने रापणीचे म्होरके दत्ताराम तांडेल यांना सांगायला गेली. मी सोबत होतो. तांडेल हसायलाच लागले.

‘बाय, जाळा पान्यात हाय तवर दमलो म्हनायचा नाय. एकान म्हटलान की सगल्यांचं हात सुटतत.’

‘आणि बाहेर आल्यावर?’

‘भायेर आल्यावर म्हावरा बगायचा की दमायचा?’

पुण्याचे तिचे मार्गदर्शक म्हणाले, आकडे आहेत ना, पाठवून टाका. हिने साफ नकार दिला. ‘ते दमण्याचे आकडे नाहीत हो, रीतीचे आहेत,’ असं मला म्हणाली. केलेलं सगळं बाजूला सारून तिने पुन्हा सुरुवात केली. मासळी विकून झाली की एकेकाच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि मग विचारायचं. तेव्हा लोक बोलायचे. खांदे कसे भरून येतात, हाताने घास उचलवत नाही... ती ऐकत बसायची. ते काम अर्ध्यावर असताना तिचं दुखणं निघालं.

इस्पितळात डॉक्टर रोज विचारायचे, थकवा किती, शून्य ते दहा? ती म्हणायची, ‘दोन.’ कूस बदलायला दोघं लागायचे, आणि हिचे आपले दोन! एकदा मी वैतागून म्हटलं, ‘तुझं जाळं अजून पाण्यातच आहे वाटतं.’ तिला हसू आलं. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी तिचे केस विंचरत होतो, तेव्हा आपणहून म्हणाली, ‘अहो, आता मात्र दमले.’ मला तिचा राग आला. अजून येतो. इतकी वर्षं लोकांकडून हेच ऐकायला धडपडली, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी फणी ठेवली आणि ‘बरं, पड जरा’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

संध्याकाळी आम्ही मांडवीला चालायला जायचो. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं, हा तिचा दंडक. बोलणं तुटायला लागलं की समजायचं, जास्त होतंय. मी अजून जातो. जेट्टीशी पोचेपर्यंत धाप लागलेली असते. वाटेत कळत नाही... बोलायला कुणी नसतं.