मिसरोदच्या घरी आई आधीच जाऊन आली होती

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. भोपाळच्या कारखान्यात सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली... मोजता येत नाही ते नाहीच, हा माझा खाक्या. तरी हे लिहितोय.

गेल्या वर्षी रिटायर झालो आणि कारखान्याचं पिपलानीचं क्वार्टर सोडायची वेळ आली. ते सीनियॉरिटीवर मिळालं होतं, आडनाव कुणी विचारलं नव्हतं. बाहेर भाड्याचं घर शोधताना मात्र पहिला प्रश्न तोच — "पूरा नाम?" आम्ही बौद्ध. आडनाव सांगितलं की संध्याकाळपर्यंत फोन यायचा, "भाईसाहब, घर में बात हुई... बेटा रहने आ रहा है।" अशी सात घरं गेली. अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मामा, इथे पूर्वी घराच्या कागदावरच लिहायचे, काळ्या लोकांना विकायचं नाही म्हणून." म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे कागदसुद्धा वाया घालवत नाहीत!

काळजी आईची होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तळमजलाच हवा होता, आणि मुदत संपायला नऊ दिवस उरले होते.

आठवं घर मिसरोदला. फोनवर फक्त वेळ ठरली होती; सकाळी अकराला बेल वाजवली. मी तोंड उघडायच्या आत मालकीणबाई म्हणाल्या, "आइए। कल आपकी अम्माजी आई थीं ना, सब बता गईं।"

"क्या बता गईं?"

"सबसे पहले सरनेम। बोलीं, पहले हाँ-ना कर दो, पानी बाद में पिऊँगी। मैं सोचती रह गई, तो बिना पिए चली गईं।" बाईंचे डोळे भरून आले. "कल से चैन नहीं है, भैया। घर आपका।"

आडनाव आधी, पाणी मग — ही आईचीच रीत. लहानपणी गावात आडनाव कळल्यावर कुणीतरी तिच्या हातातला पेला काढून घेतला होता, तेव्हापासूनची. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. "हाँ, यही तो हैं।" पण काल दिवसभर माझी बायको आईच्या उशाशी बसून होती!

आजतागायत मला याचा उलगडा झालेला नाही. बाईंचे उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही... आणि जी कोणी जाऊन आली, तिचेही.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सामान हललं त्या दिवशी तिला खुर्चीत बसवून, उचलून आत आणलं. बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, दोन्ही हातांनी पेला घेतला आणि म्हणाली, "लाओ, अब पिऊँगी।"