कशालाही न टेकणारा दांडा

वीस वर्षं एकाच जागी मशीनचे सुटे भाग धुतले की हाताला भेगा पडतात आणि डोक्यात किस्से साठतात. भेगा बुजल्या, किस्से राहिले. हे नव्वदीतले, नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपातले.

*

आम्ही अतिथंड नायट्रोजन ओढणाऱ्या पंपांची बेअरिंगं करायचो. त्यात छर्रे नाहीत, तेल नाही. तोच पातळ नायट्रोजन फटीत शिरतो आणि दांडा त्यावर तरंगतो.

सोनईचे रंगनाथ मिस्त्री ही बेअरिंगं हातानं घासून गुळगुळीत करत. त्यांना मी विचारलं, "मग दांडा टेकतो कशावर?"

"कशावरच न्हाई. टेकला की मेला!"

मिस्त्रींचे डोळे अधू झाले होते. साहेबांनी बजावलं होतं, "टेस्टमध्ये एक जरी दांडा टेकला, तर तुम्ही घरी बसायचं."

*

एका नव्या ऑपरेटरनं फटीत चार थेंब तेल सोडलं. थंडीनं तेलाचा दगड झाला, पंप जाम!

"कुणी सांगितलं हुतं रं?"

"लई कोरडं दिसलं, मिस्त्री. जीव राहिना!"

*

खंडेनवमीला कुणीतरी तयार बेअरिंगलाच हळदकुंकू लावलं. फट केसाहून बारीक! दिवसभर मी धूत बसलो.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "पूजा मशीनची करा. ह्याला लांबूनच नमस्कार!"

*

एका दुपारी लाईट गेली. शटर खाली, मिट्ट काळोख. मिस्त्रींच्या टेबलावरून घासण्याचा आवाज मात्र चालूच. लाईट आली तेव्हा मिस्त्री मागच्या दारातून डबा धुऊन येत होते!

"मिस्त्री, मग घासत कोण हुतं?" ऑपरेटरनं विचारलं.

"तुमी ऐकलं, तुमीच सांगा."

*

त्या काळोखात घासल्या गेलेल्या बेअरिंगची टेस्ट लागली. फिरताना दांडा टेकला तर पुसली जावी म्हणून साहेबांनी आत न वाळणाऱ्या निळ्या शाईची रेघ ओढली. पंप सुरू झाला. जमिनीवर पांढरी वाफ, दांड्याचं बाहेरचं टोक गरगर फिरतंय आणि आवाज अजिबात नाही.

मोटर बंद केली. नायट्रोजन काढून टाकला. आता दांडा क्षणात बसायला हवा.

बसेना! पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी स्वतः मेन स्विच पाहिला. बंदच होता.

मिस्त्री जवळ गेले, हळूच म्हणाले, "पुरं आता, बाळा. बस."

दांडा थांबला.

बेअरिंग उघडलं. रेघ जशीच्या तशी. साहेबांनी बोट फिरवलं, शाई बोटाला लागली.

"मिस्त्री, उद्या नक्की या," ते म्हणाले. "आमचं हे ऐकणार नाही."