मी त सरळच उभा आहो

मुलचेऱ्याच्या दवाखान्यात मी पाठ-कंबरेच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेतो. तलावावर डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, मासे धरणारे एक भाऊ दर मंगळवारी कंबर धरून यायचे आणि माझं डोकं फिरवून जायचे. ओल्या पायांनी आले की फरशीवर त्यांचं अख्खं पाऊल उमटायचं, मधे खळगा म्हणून नाही. तळवे असे सपाट असले की कधीकधी आपली कंबर कुठे झुकली आहे तेही ज्याचं त्याला नीट कळत नाही, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल!

"भाऊ, डोळे मिटा आणि ताठ उभे राहा."

ते डावीकडे कलून उभे राहायचे. "मी त सरळच उभा आहो, सर. तुमची नजर तिरपी हाये."

चपलेत घालायला दिलेल्या गाद्या त्यांनी एकदाही वापरल्या नाहीत. "डोंग्यात चप्पल कोन घालते?"

शेवटी वैतागून मी मोबाइलवर त्यांचा पाठमोरा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला.

"हा त माहा बाप होये," ते हळूच म्हणाले. "मरेपर्यंत असाच वाकडा चालला. आमी हासत होतो त्याले."

मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"कुठी वाकलो, हात लावून दाखवा मले."